इम्प्रेलिस प्रकरण : हिरवळ हिरवी राहिली, झाडे वाळली

१/
१७ जून २०११ रोजी ड्यूपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीने आपल्या ग्राहकांना एक पत्र धाडले. लोकांच्या घरापुढची हिरवळ राखून उपजीविका करणारे व्यावसायिक हे ते ग्राहक. त्यांत एकटाच ट्रक घेऊन फिरणारा होता, तसा मोठा नोकरवर्ग बाळगणाराही होता. पत्राचा विषय होता वाळत चाललेली झाडे. नॉर्वे स्प्रूस आणि व्हाइट पाइन हे वृक्ष जिथे आहेत, तिथे आमचे 'इम्प्रेलिस' हे तणनाशक तूर्त मारू नका, असे त्यात कळवले होते. त्याच पत्रात आणखी एक सूचन होते: ज्यांच्याकडे झाडे बिघडली, त्यांनी औषध नीट मिसळले नसावे, किंवा दुसऱ्या तणनाशकांत कालवून मारले असावे.

२/
वरवर पाहता यात वावगे काही नाही. औषध बिघडले की मिसळणाऱ्याकडे बोट दाखवणे ही जुनीच रीत आहे. पण अमेरिकेतील हिरवळ-निगेच्या धंद्यात 'तुम्ही नीट मिसळले नसेल' या वाक्याचा अर्थ फार गंभीर होतो. तो का, हे समजण्यासाठी या धंद्याची घडण, त्यातील नेहमीच्या चुका आणि डब्यावरच्या लेबलाचे कायद्यातील स्थान, या तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. त्यानंतर २०११ सालच्या उन्हाळ्याकडे येऊ.

३/
घरापुढे कातरलेले गवत राखण्याची हौस मूळची इंग्लंडातील जमीनदारांची. विळ्याने गवत एकसारखे कापायला मजुरांची फौज लागे, म्हणून ती हौस त्यांनाच परवडे. ३१ ऑगस्ट १८३० रोजी ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडगिरण्यांत लोकरी कापडावरची लव कातरणारे फिरते पाते त्याने पाहिले होते. तेच त्याने जमिनीवर आणले. यंत्राने हिरवळ मध्यमवर्गाच्या अंगणात उतरवली, आणि अमेरिकेत तिला मोकळी जागा मिळाली.

४/
ओहायो राज्यातील मेरिसव्हिल गावी १८६८ मध्ये ओ. एम. स्कॉट याने बियाण्यांचा व्यवसाय सुरू केला. पुढे ही पेढी घरगुती हिरवळीच्या बियाण्यांकडे वळली आणि १९२८ पासून 'लॉन केअर' नावाचे एक छोटे नियतकालिक ग्राहकांना पाठवू लागली. त्यामुळे 'माझ्या गवतात काय चुकते आहे?' हा प्रश्न विचारायला सामान्य घरमालकाला एक जागा मिळाली. अंगणातील पिवळा डाग ही कोणाची तरी चूक असते, ही समजूतही अशा साहित्यातूनच रुजली असावी. रानात पिवळे गवत दिसले तर कोणी जाब विचारत नाही.

५/
दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी हे निवडक तणनाशक बाजारात आले. ते रुंद पानांची झुडपे मारते आणि गवताला धक्का लावत नाही. त्याने एक गमतीदार उलथापालथ घडवली. तोवर हिरवळीच्या बियाण्यांत क्लोव्हर हेतुपुरस्सर मिसळत असत, कारण ते जमिनीला नत्र पुरवते. नवे औषध डॅन्डेलियनबरोबर क्लोव्हरही मारी. मग क्लोव्हर हेही तणच, असे ठरून गेले. औषधाच्या मर्यादेप्रमाणे तणाची व्याख्या बदलली.

६/
पुढचा टप्पा म्हणजे घरपोच फवारणी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ओहायोतच ड्यूक कुटुंबाने 'केमलॉन' कंपनी काढली. टाकी लादलेला ट्रक दारी येई, माणूस लांब नळीने द्रवखत व औषध मारून जाई आणि चिठ्ठी ठेवी. रसायन हा शब्द तेव्हा प्रगतीचा होता, म्हणून तो अभिमानाने नावातच घातला. १९८७ मध्ये इकोलॅबने ही कंपनी विकत घेतली आणि १९९२ मध्ये ती सर्व्हिसमास्टरकडे गेली. तिथे ती 'ट्रूग्रीन-केमलॉन' झाली आणि कालांतराने नुसती 'ट्रूग्रीन' उरली. 'केम' हे अक्षरयुग्म गळून पडण्यामागे दोन दशकांचा लोकमताचा इतिहास आहे.

७/
त्या इतिहासातील एक नोंद इथे महत्त्वाची आहे. मार्च १९९० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने हिरवळीवरील कीटकनाशकांविषयी अहवाल दिला. त्याच्या शीर्षकातच दोन गोष्टी होत्या: धोक्यांचे मोजमाप अजून अनिश्चित आहे, आणि मनाई असूनही सुरक्षिततेचे दावे चालूच आहेत. औषध 'सुरक्षित' आहे असे जाहिरातीत म्हणण्यास त्या देशात बंदी आहे. फवारणीनंतर अंगणात छोटी झेंडी रोवण्याचे कायदे याच सुमारास अनेक राज्यांनी केले. अमेरिकी उपनगरांत उन्हाळ्यात दिसणाऱ्या त्या इवल्या झेंड्या म्हणजे धंदा आणि शेजारी यांच्यातील तहाच्या खुणा आहेत.

८/
आता नेहमीच्या चुकांकडे. या धंद्यातील बहुतेक चुका दिसतात, आणि लगेच दिसतात. खत पसरवणारी गाडी ओळ सोडून गेली की आठवड्याभरात गवतावर गडद-फिके पट्टे उमटतात. एकाच जागी दोनदा खत पडले की गवत जळते. वाऱ्याने औषध उडून शेजारच्या टोमॅटोची पाने मुरडतात. चुकीच्या घरावर फवारणी होणे हाही प्रकार धंद्यात सर्वांच्या परिचयाचा. घरे एकसारखी, क्रमांक पुसट, मालक कामावर गेलेला.

९/
या चुकांवरचे उपायही ठरलेले असतात. जळलेल्या जागी नवे बी टाकायचे, पुढची फेरी फुकट करायची, बिल माफ करायचे, आणि मुख्य म्हणजे ग्राहकाने फोन करण्याआधी आपण जाऊन सांगायचे. गवत ही क्षमाशील वनस्पती आहे; सहा आठवड्यांत डाग भरून येतो आणि गिऱ्हाईक टिकते. चूक स्वस्त असते तेव्हा प्रामाणिकपणाही परवडतो. झाडाचे तसे नसते. चाळीस वर्षांचा स्प्रूस पुढच्या फेरीत भरून देता येत नाही.

१०/
मोठ्या चुकीसाठी म्हणून कायदा आणि विमा. अमेरिकेत कीडनाशकांचा मूळ केंद्रीय कायदा १९४७ चा, आणि १९७२ च्या दुरुस्तीने तो कडक झाला. लेबलाविरुद्ध औषध वापरणे हा त्यानुसार गुन्हा आहे. फवारणीच्या परवान्याच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवले जाते की लेबल म्हणजेच कायदा. कोणत्या गवतावर, किती मात्रेत, पाण्यात किती मिसळून, कोणत्या अंतरावर हे सारे त्या बारीक अक्षरांत असते, आणि ते पाळणाऱ्याला त्याचे संरक्षण मिळते.

११/
विम्याची गोष्ट त्याहून नाजूक. व्यावसायिक दायित्वाच्या सर्वसाधारण पॉलिसीत 'प्रदूषणा'मुळे झालेले नुकसान वगळलेले असते, आणि फवारलेले तणनाशक त्या व्याख्येत येऊ शकते. म्हणून फवारणीवाले एक वेगळे पुरवणी-कलम विकत घेतात. हे कलम वगळलेले संरक्षण परत देते, पण एका अटीवर: काम कायद्याच्या, नियमांच्या व परवान्याच्या सर्व अटींप्रमाणे झालेले असले पाहिजे. म्हणजे लेबल पाळले तर विमा आहे आणि मोडले तर विम्याचे छत्र डोक्यावरून जाऊ शकते. 'तुम्ही नीट मिसळले नसेल' या वाक्याचे वजन इथे कळते.

१२/
औषधाचा दोष लेबलाच्या पलीकडे जाऊन उघडा पडण्याचे प्रसंग आधीही घडले होते. २००० च्या आसपास वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहराच्या कंपोस्ट प्रकल्पातील खत नेणाऱ्या बागाईतदारांचे टोमॅटो वेडेवाकडे वाढू लागले. पुलमन येथील विद्यापीठाच्या कंपोस्टमध्येही तेच आढळले. कारण निघाले क्लोपिरालिड हे हिरवळीवरचे तणनाशक. कापलेल्या गवताबरोबर ते कंपोस्टात गेले आणि कुजण्याच्या उष्णतेतही टिकले. २००२ मध्ये राज्याने घरगुती हिरवळीवर त्याचा वापर थांबवला, आणि उत्पादक डाऊ अ‍ॅग्रोसायन्सेसनेही तो वापर लेबलावरून काढून टाकला. येथे ज्याचे नुकसान झाले तो फवारणीवाल्याचा ग्राहकच नव्हता. त्याने फक्त खताचे पोते नेले होते.

१३/
दुसरा प्रसंग टेक्सासमधील भुईमुगाचा. डाऊच्याच 'स्ट्राँगआर्म' या तणनाशकाच्या लेबलावर, भुईमूग पिकतो त्या सर्व भागांत वापरण्यास योग्य, असे लिहिले होते. अल्कधर्मी जमिनीत त्याने पिकालाच मार दिला. २९ शेतकऱ्यांनी नुकसानीचा प्रश्न उपस्थित केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. केंद्रीय यंत्रणेने लेबल मंजूर केले, तेव्हा राज्याच्या कायद्याखाली दावा लावताच येत नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. २७ एप्रिल २००५ च्या निकालाने तो सरसकट पवित्रा नाकारला. लेबल मंजूर आहे एवढ्यावर उत्पादकाची सुटका होत नाही, ही वाट 'बेट्स विरुद्ध डाऊ' या खटल्याने मोकळी केली. सहा वर्षांनी त्या वाटेने स्प्रूसवाले येणार होते.

१४/
आता इम्प्रेलिस. अमिनोसायक्लोपिरॅक्लोर हे त्यातील क्रियाशील द्रव्य. वनस्पतीच्या ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाची ते नक्कल करते. तण बेताल वाढते, पिळवटते आणि मरते. २०१० च्या उत्तरार्धात केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, त्याला सशर्त मंजुरी दिली. कॅलिफोर्निया व न्यू यॉर्क वगळता ते देशभर विकण्यास मोकळे झाले. ग्राउंड आयव्ही आणि रानटी व्हायोलेट ही हिरवळीवाल्यांना रडवणारी दोन तणे त्याने मरत. मात्रा अगदी थोडी आणि सस्तन प्राण्यांना विषारीपणा कमी. पर्यावरणाला जपणारा पर्याय म्हणूनच ते विकले गेले, आणि चांगल्या व्यावसायिकांनी ते त्यासाठीच घेतले.

१५/
या औषधाचा एक गुण मात्र दुधारी होता. ते जमिनीत टिकते, पावसाबरोबर खाली उतरते आणि मुळांवाटे शोषले जाते. तणासाठी हे उत्तम. पण हिरवळीखाली केवळ हिरवळीचीच मुळे नसतात. मोठ्या सूचिपर्णी वृक्षाची मुळे त्याच्या सावलीच्याही बाहेर पसरलेली असतात, आणि अंगणाच्या मालकाला वा फवारणाऱ्याला ती दिसत नाहीत. लेबलावर झाडांच्या मुळांविषयी सर्वसाधारण सावधगिरी होती, कापलेले गवत कंपोस्टात घालू नये अशीही सूचना होती. नॉर्वे स्प्रूसचे वा व्हाइट पाइनचे नाव घेऊन इशारा मात्र नव्हता.

१६/
२०११ च्या वसंतात मिशिगन, ओहायो, इंडियाना, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात आणि आसपास फवारण्या झाल्या. मेअखेरीस स्प्रूसचे शेंडे मुरडू लागले, नवी पालवी तपकिरी झाली, सुया गळू लागल्या. बऱ्याच झाडांचा वरचा भाग आधी गेला. प्रथम कोणी हिवाळ्याला दोष दिला, कोणी बुरशीला. पण विद्यापीठांच्या विस्तार केंद्रांकडे एकामागून एक नमुने येऊ लागले, आणि त्यांत एक समान धागा निघाला: झाडे वेगवेगळ्या अंगणांतली, जमीन वेगळी, मालक वेगळे, पण हिरवळीवर मारलेले औषध एकच. पर्ड्यू, मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट या कृषी विद्यापीठांनी जूनमध्येच सावधगिरीच्या सूचना काढल्या.

१७/
ड्यूपॉन्टचे १७ जूनचे पत्र आले ते या पार्श्वभूमीवर. त्यातील सूचनानंतर कंपनीकडून आणखी एक सल्ला मिळत होता: झाडे इतक्यात तोडू नका, ती कदाचित पुन्हा फुटतील. शास्त्र म्हणून हा सल्ला अगदीच निराधार नव्हता. काही झाडे खरोखर सावरली. पण तपकिरी झालेले झाड रोज खिडकीतून पाहणाऱ्या मालकाला, आणि त्याला तोंड देणाऱ्या फवारणीवाल्याला, 'वाट पाहा' हे उत्तर पुरेसे नव्हते.

१८/
त्या फवारणीवाल्याची स्थिती क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. औषध त्याने स्वतःच्या हाताने मारलेले. ग्राहक त्याला नावाने ओळखतो; ड्यूपॉन्टशी त्याचा काही संबंध नाही. दारात उभे राहून 'माझ्या औषधाने तुमचे झाड मेले' म्हणावे, तर तो कबुलीजबाब ठरण्याची भीती. 'हिवाळ्यामुळे असेल' म्हणावे, तर दोन आठवड्यांनी वर्तमानपत्रात सारे छापून येणार. 'कंपनीचा दोष आहे' म्हणावे, तर कंपनीचे पत्र नेमके त्याच्याकडे बोट दाखवते. आणि लेबल पाळले होते हे सिद्ध करता आले नाही, तर पाठीशी विमाही नाही. नेहमीची क्षमायाचना, म्हणजे फुकट फेरी आणि माफ बिल, इथे हास्यास्पद ठरली असती.

१९/
अशा वेळी कामास आली ती एक कंटाळवाणी वस्तू: नोंदवही. व्यावसायिक फवारणी करणाऱ्यांना तारीख, पत्ता, औषध, मात्रा यांची नोंद ठेवणे बहुतेक राज्यांत बंधनकारक आहे. ज्याच्या नोंदी चोख होत्या, तो ग्राहकाला त्याच दिवशी नेमके सांगू शकला की तुमच्या अंगणात काय, किती आणि कधी पडले. चुकीची मालकी कोणाची हे त्याला ठाऊक नव्हते, पण घडले काय हे ठाऊक होते, आणि तेवढे तो दडवल्यावाचून सांगू शकत होता. पुढे नुकसानभरपाईचे दावे ज्या कागदांवर उभे राहिले, त्यांत या नोंदींचा वाटा मोठा होता.

२०/
जुलैच्या मध्यास न्यू यॉर्क टाइम्सने वृत्त दिले. त्याच सुमारास मिशिगनमधील एका गोल्फ क्लबाच्या नावे पहिला सामूहिक दावा दाखल झाला. ४ ऑगस्ट रोजी ड्यूपॉन्टने विक्री आपणहून थांबवली आणि औषध परत घेऊन पैसे देण्याची योजना जाहीर केली. ११ ऑगस्टला ईपीएने विक्रीबंदीचा आदेश काढला. त्या आदेशाबरोबरच्या निवेदनात एक लक्षणीय गोष्ट होती: बाल्सम फर, नॉर्वे स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांना या औषधाने इजा होते किंवा ती मरतात, हे कंपनीच्याच चाचण्यांच्या माहितीवरून स्पष्ट होते. जूनच्या पत्रातील मिसळणाऱ्याचा दोष ऑगस्टपर्यंत असा विरून गेला.

२१/
सप्टेंबरमध्ये कंपनीने दाव्यांची प्रक्रिया सुरू केली. वृक्षतज्ज्ञ अंगणोअंगणी फिरू लागले. झाड तोडायचे की सावरू द्यायचे, तोडले तर बदली झाडाचे किती, उंची किती, असा हिशेब सुरू झाला. तोडलेल्या झाडांचाही प्रश्न होताच. त्यांचा भुसा करून बागेत पसरता येत नव्हता, कारण लाकडात औषध शिल्लक असू शकत होते. जमिनीतही ते असल्याने त्याच जागी नवे झाड लगेच लावता येत नव्हते. रिकामी जागा तशीच ठेवून थांबावे लागे. मालकाच्या दृष्टीने ही भरपाईतील सर्वांत विचित्र अट होती: पैसे मिळतील, पण सावली मिळण्यास वेळ लागेल.

२२/
देशभरातील खटले फिलाडेल्फियाच्या केंद्रीय न्यायालयात न्यायाधीश जीन प्रॅटर यांच्यापुढे एकत्र आले. ऑक्टोबर २०१३ मध्ये तडजोडीला अंतिम मान्यता मिळाली. झाडे काढणे, नवी लावणे, जगलेल्यांची देखभाल याचा खर्च कंपनीकडे. उशिरा दिसणाऱ्या इजेसाठी ३१ मे २०१५ पर्यंतची हमी. निर्णय न पटल्यास अपिलाची सोय. आणि तडजोडीत जागामालकांप्रमाणे हिरवळ-निगा व्यावसायिकांचाही स्वतंत्र वर्ग होता. ज्यांच्याकडे जूनमध्ये संशयाने पाहिले गेले, त्यांना २०१३ मध्ये नुकसान सोसलेले पक्ष म्हणून कायदेशीर जागा मिळाली. भरपाईच्या रकमांपेक्षा ही नोंद अधिक बोलकी आहे.

२३/
रकमाही लहान नव्हत्या. ड्यूपॉन्टने २०११ च्या हिशेबात या प्रकरणासाठी १७.५ कोटी डॉलर धरले. २०१२ अखेर एकूण आकडा ७५ कोटींवर गेला आणि २०१३ अखेर ११७.५ कोटी डॉलरवर. अवघा एक हंगाम विकल्या गेलेल्या औषधाची ही किंमत. आकडा दरवर्षी वाढत गेला याचा अर्थ सरळ आहे: चूक केवढी आहे याचा अंदाज चूक करणाऱ्यालाही नव्हता. झाडे आपापल्या गतीने मरत होती, आणि ताळेबंद त्यांच्या मागून चालला होता.

२४/
सप्टेंबर २०१४ मध्ये ईपीएशी आणखी एक तडजोड झाली. औषधाच्या दुष्परिणामांची माहिती हाती येताच ती सरकारला कळवणे उत्पादकावर बंधनकारक आहे. ड्यूपॉन्टने असे १८ अहवाल वेळेत दिले नाहीत, आणि पुरेसा इशारा नसलेल्या लेबलाखाली वितरकांना ३२० वेळा विक्री केली, असा ठपका होता. दंड १८,५३,००० डॉलर. जून २०१४ पर्यंत ईपीएकडे झाडांच्या इजेच्या ७,००० हून अधिक तक्रारी पोहोचल्या होत्या. अब्जाच्या पुढे गेलेल्या खर्चाशेजारी हा दंड किरकोळ वाटतो. पण ठपक्याचा रोख नेमका त्या गोष्टीवर होता, जी प्रत्येक लहान फवारणीवाला आपल्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो: काही बिघडल्याचे दिसले की आधी सांगा.

२५/
काही जण या प्रकरणाकडे नियामकाची चूक म्हणून पाहतात. मंजुरी सशर्त होती, आणि झाडांवरील परिणाम मंजुरीपूर्वीच खोदून पाहायला हवे होते, हा आक्षेप रास्त आहे. तरी दोष वाटून देताना एक क्रम नजरेआड करता येत नाही. तक्रारी प्रथम ग्राहकांकडून फवारणीवाल्यांकडे आल्या, त्यांच्याकडून कंपनीकडे व विद्यापीठांकडे गेल्या, आणि शेवटी सरकारकडे पोहोचल्या. या साखळीतील सर्वांत दुबळ्या कडीने, म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाने, माहिती सर्वांत आधी पुढे सरकवली. सर्वांत सबळ कडीने ती अडवून धरली.

२६/
इम्प्रेलिस बाजारातून गेले, अमिनोसायक्लोपिरॅक्लोर गेले नाही. हिरवळीबाहेरच्या वापरासाठी, रस्त्यांच्या कडा व मोकळ्या पट्ट्यांसाठी, ते इतर नावांनी विकले जात राहिले. त्यांपैकी 'पर्स्पेक्टिव्ह' हे उत्पादन ड्यूपॉन्टकडून बायरकडे गेले. ऑरेगॉन राज्यात सिस्टर्स गावाजवळ महामार्गाच्या कडेने त्याची फवारणी झाली, आणि काही वर्षांत तिथले पॉन्डेरोसा पाइन लाल-तपकिरी होऊन मरू लागले. मेलेल्या व मरणपंथाला लागलेल्या झाडांची संख्या दोन हजारांच्या आसपास सांगितली गेली. या वेळी लेबलावर मुळांविषयी इशारे होते. मग ते पाळले गेले का, फवारणाऱ्याला ते समजले होते का, असा वाद उभा राहिला. २०१८ मध्ये ऑरेगॉनच्या कृषी विभागाने रस्त्यांच्या कडेने या द्रव्याच्या वापरावर तात्पुरती बंदी घातली. मेलेले वृक्ष वाटसरूंवर कोसळू नयेत म्हणून ते तोडावे लागले.